नाममुद्रेकडून 'सेंद्रिय' प्रसाधनांकडे : खानदेशच्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना

चोपडा तापीच्या उत्तरेस आणि अमळनेर दक्षिणेस. जळगाव जिल्ह्यातील या भागातील प्रसाधनांच्या वापराचा विचार करावयाचा झाल्यास प्रारंभ अमळनेरपासून करणे उचित ठरते. डिसेंबर १९४५ मध्ये महंमद हशम प्रेमजी यांनी तेथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापन केली. वनस्पती तूप हे तिचे मुख्य उत्पादन होते आणि तेलाच्या प्रक्रियेतून मिळणाऱ्या जोडपदार्थापासून '७८७' या नावाचा कपडे धुण्याचा साबण तयार होत असे. हीच कंपनी पुढे विप्रो या नावाने जगास परिचित झाली. १९८०च्या दशकाच्या मध्यास तिने हळद व चंदन यांचा उल्लेख मिरवणारा 'संतूर' हा अंगाचा साबण बाजारात आणला. ज्याला आज 'स्थानिक' आणि 'वनस्पतिजन्य' म्हणून अधिक दाम मोजावे लागतात, तो साबण एकेकाळी तेलाच्या कारखान्यातील दुय्यम पदार्थ होता, ही बाब ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

विसाव्या शतकातील मराठी मध्यमवर्गीय घरात प्रसाधनांची नावे ठरलेली असत. पाटणवालांचा 'अफगाण स्नो', १९५२ मध्ये टाटा समूहाने सुरू केलेली 'लॅक्मे', त्याच वर्षी केशव विष्णू पेंढरकर यांनी मुंबईत परळ येथे आरंभलेली 'विको' आणि १९७५ मध्ये आलेली 'फेअर अँड लव्हली' ही त्यांपैकी काही. सासूने वापरलेली पावडर सूनही वापरीत असे आणि दुकानदारास केवळ नाव सांगितले की पुरे होई. घटक कोणते, ते कशासाठी, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नसे. नाव हीच हमी होती.

गेल्या दोन दशकांत या निष्ठेस तडा गेला. २००६ मध्ये स्थापन झालेल्या पतंजली आयुर्वेदची दुकाने तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचली, ऑनलाइन खरेदी घरोघरी आली आणि 'केमिकल फ्री', 'हर्बल', 'ऑरगॅनिक' हे शब्द महाविद्यालयीन विद्यार्थिनी व प्राध्यापिका यांच्या बोलण्यात रुळले. २०२० मध्ये 'फेअर अँड लव्हली'ने आपल्या नावातील गोरेपणा वगळून 'ग्लो अँड लव्हली' हे नाव धारण केले, हेही बदललेल्या ग्राहकमानसाचेच लक्षण होय. या स्थित्यंतरात एका नावावरील विश्वासाची जागा एका विशेषणावरील विश्वासाने घेतली आहे. नावामागे निदान एक कारखाना, एक परवाना आणि अनेक वर्षांचा व्यवहार असतो. विशेषणामागे काय असते, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

नैसर्गिक, हर्बल आणि सेंद्रिय

हे तीन शब्द बाजारात एकाच अर्थाने वापरले जातात, परंतु त्यांचे अर्थ भिन्न आहेत. चोपडा, यावल, रावेर हा केळीचा पट्टा. येथील केळीचा गर एखाद्या लेपात घातला तर तो लेप 'नैसर्गिक' म्हणता येईल. ती केळी रासायनिक खते व कीटकनाशके देऊन वाढविलेली असेल तर त्याच लेपाला 'सेंद्रिय' म्हणता येणार नाही. सेंद्रिय हे पदार्थाचे नव्हे, तर तो पिकविण्याच्या पद्धतीचे विशेषण आहे. भारतात राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमानुसार वार्षिक पिकांसाठी पेरणीपूर्वी दोन वर्षे व बहुवर्षायू पिकांसाठी पहिल्या काढणीपूर्वी तीन वर्षे असा रूपांतरकाल सर्वसाधारणपणे पाळावा लागतो. त्या काळातील नोंदी, तपासणी आणि प्रमाणीकरण यांवाचून शेतमाल सेंद्रिय ठरत नाही.

याच्या उलट उदाहरण सातपुड्याच्या पायथ्याशी आढळते. चोपडा तालुक्याच्या उत्तर भागात पावरा, बारेला, तडवी आदी समाजांची वस्ती आहे आणि मोह हे तेथील जीवनाशी निगडित झाड आहे. मोहाच्या बियांचे तेल नेहमीच्या तापमानास अर्धवट गोठते व साबणासाठी उपयुक्त ठरते. खादी व ग्रामोद्योग आयोगाने तर अखाद्य तेलांपासूनचा साबण हा ग्रामोद्योग म्हणून फार पूर्वीपासून पुरस्कारिला आहे. मोहाला कोणी खत घालीत नाही. सेंद्रिय मानकांत वनातून केलेल्या संकलनाची स्वतंत्र तरतूद आहे. संकलनाचे क्षेत्र निश्चित असणे आणि तेथे निषिद्ध रसायनांची फवारणी झालेली नसणे या तिच्या प्रमुख अटी होत. म्हणजेच गावात ज्याला कोणी 'ऑरगॅनिक' म्हणत नाही ते मोहाचे तेल प्रमाणपत्रास अधिक पात्र असू शकते, आणि आकर्षक बाटलीतील केळीचा लेप अपात्र.

प्रसाधनाच्या बाबतीत आणखी एक अडचण उद्भवते. वरील राष्ट्रीय कार्यक्रम मूलतः शेतमाल व त्यापासूनच्या खाद्यपदार्थांसाठी आहे. सेंद्रिय अन्नासाठी २०१७ चे विनियम व 'जैविक भारत' हे बोधचिन्ह आहे. प्रसाधनांना लागू असलेल्या १९४०च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात व २०२०च्या सौंदर्यप्रसाधने नियमांत 'सेंद्रिय प्रसाधन' अशी व्याख्या नाही. परिणामी, सेंद्रिय गुळासाठी जी कसोटी आहे ती सेंद्रिय फेसवॉशसाठी नाही. युरोपातील संस्थांनी एकत्र येऊन २०१० मध्ये सिद्ध केलेले 'कॉसमॉस' हे खाजगी मानक काही भारतीय उत्पादक स्वेच्छेने स्वीकारतात. त्यानुसार 'ऑरगॅनिक' म्हणवून घेण्यासाठी भौतिक प्रक्रिया केलेल्या शेतीजन्य घटकांपैकी किमान ९५ टक्के घटक सेंद्रिय असावे लागतात आणि संपूर्ण उत्पादनात सेंद्रिय भाग किमान २० टक्के असावा लागतो. धुऊन टाकावयाच्या उत्पादनांसाठी ही अट १० टक्क्यांवर येते, कारण त्यांत पाणीच अधिक असते आणि पाणी सेंद्रिय असू शकत नाही. एवढे कठोर मानक पाळणाऱ्या शाम्पूचाही मोठा हिस्सा सेंद्रिय नसतो, हे ग्राहकास क्वचितच ठाऊक असते.

जुन्या नाममुद्राही या वर्गीकरणाच्या गोंधळातून सुटलेल्या नाहीत. विकोची हळदीची क्रीम हे प्रसाधन की आयुर्वेदिक औषध, हा वाद उत्पादन शुल्काच्या निमित्ताने अनेक वर्षे चालला आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन ती आयुर्वेदिक औषध ठरली. ग्राहकाने ती मात्र सदैव चेहऱ्याची क्रीम म्हणूनच लावली.

उटण्याचा वारसा आणि बाटलीतील पाणी

सेंद्रिय प्रसाधनांच्या जाहिरातीत आजीच्या उटण्याचा दाखला हमखास असतो. खानदेशातील घरांत डाळीचे पीठ, हळद, साय, तिळाचे तेल, शिकेकाई, रिठा यांचा वापर होत होता, हे खरेच. परंतु या परंपरेचे एक वैशिष्ट्य जाहिरातीतून निसटते. उटणे कोरडे असते. ते तळहातावर कालवून लगेच लावले जाते व उरलेले फेकून दिले जाते. शिकेकाई आदल्या रात्री भिजत घालून सकाळी उकळतात आणि त्याच दिवशी संपवितात. जेथे पाणी नाही, अथवा असलेले पाणी काही तासांचेच आहे, तेथे जीवाणू व बुरशी यांना वाढण्यास अवसर मिळत नाही. म्हणूनच या पदार्थांना परिरक्षकाची गरज नव्हती.

तोच अर्क पाण्यात मिसळून बाटलीत भरला, दुकानात सहा महिने ठेवला आणि मे महिन्यात जळगावच्या उन्हाळ्यातून नेला, तर परिस्थिती पालटते. कोरफडीचा गर, फुलांचे पाणी, दूध, मध हे सूक्ष्मजीवांचे खाद्य आहे. अशा उत्पादनात परिरक्षक नसणे हा गुण नसून दोष आहे. 'प्रिझर्व्हेटिव्ह फ्री' असे मिरविणाऱ्या पातळ क्रीमबद्दल प्रथम शंका घ्यावी, कौतुक नंतर करावे.

पॅराबेन या परिरक्षकांची कहाणी या दृष्टीने उद्बोधक आहे. त्यांच्याविषयी शंका उपस्थित झाल्यावर युरोपीय संघाने २०१४ मध्ये काही पॅराबेन वर्ज्य केले व काहींची मर्यादा कमी केली. मिथाइल व इथाइल पॅराबेन यांचा मर्यादित वापर मात्र चालू राहिला. बाजाराने सरसकट सर्वच पॅराबेनना पाठ दाखविली. त्यांच्या जागी अनेक ठिकाणी मिथाइलआयसोथायझोलिनोन हे द्रव्य आले आणि त्याच्या अ‍ॅलर्जीचे प्रमाण इतके वाढले की अमेरिकेतील संपर्कजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञांच्या संस्थेने २०१३ साठी त्यास वर्षाचे अ‍ॅलर्जीकारक घोषित केले. त्याच संस्थेने २०१९ मध्ये पॅराबेनना वर्षाचे 'अ‍ॅलर्जी न करणारे' द्रव्य म्हणून निवडले. नावाने बदनाम झालेला घटक काढला म्हणजे उत्पादन सौम्य होतेच असे नाही, याचा याहून बोलका पुरावा शोधण्याची गरज नाही.

साबणाचे रसायन आणि खानदेशचे पाणी

'केमिकल फ्री साबण' हा शब्दप्रयोग रसायनशास्त्राच्या अध्यापकास खटकणारच. तेल आणि कॉस्टिक सोडा यांच्या अभिक्रियेवाचून घन साबण होत नाही. मोहाचे तेल असो वा खोबरेल, घाणीवरचे असो वा कारखान्यातले. योग्य प्रमाण साधल्यास सोडा संपूर्ण वापरला जातो व साबण आणि ग्लिसरीन उरते. प्रमाण चुकल्यास मुक्त अल्क राहतो आणि त्वचेची आग होते. हाताने केलेल्या साबणात ग्लिसरीन राहते, हा त्याचा खरा लाभ आहे. मोठ्या कारखान्यात ते बहुधा वेगळे काढले जाते.

नाममुद्रा बदलणाऱ्यांचा भ्रमनिरास मात्र बहुतेक वेळा पाण्यामुळे होतो. खानदेशात अनेक ठिकाणी विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी दुष्फेन असते. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्याशी साबणाचा संयोग होऊन पांढरा, चिकट, न विरघळणारा साका तयार होतो. तो त्वचेवर, बादलीवर आणि केसांत बसतो. शाम्पूतील संश्लेषित निर्मलकांना ही अडचण फारशी भेडसावत नाही, म्हणून ते दुष्फेन पाण्यातही फेसाळतात. अनेक वर्षे शाम्पू वापरलेली व्यक्ती एकाएकी 'ऑरगॅनिक' साबणवडीने केस धुऊ लागते, केस चिकट व राठ होतात, आणि विक्रेता सांगतो की जुन्या रसायनांचा निचरा होत आहे, थोडी कळ काढा. असा कोणताही निचरा होत नसतो. केसांवर साका बसलेला असतो, एवढेच. शिकेकाई व रिठ्यातील सॅपोनिन मात्र कॅल्शियमसह असा साका करीत नाही. आपल्या पूर्वजांनी विहिरीच्या पाण्यास साजेसे द्रव्य निवडले होते, असे म्हणावयास हरकत नाही. दुष्फेन पाण्याच्या गावात केसांसाठी साबणवडीपेक्षा शिकेकाईची कोरडी पूड अधिक शहाणपणाची, आणि स्वस्तही.

याचा अर्थ शिकेकाई निरुपद्रवी आहे असा नव्हे. ती डोळ्यांत गेली की काय होते हे सर्वांना ठाऊक आहे. लिंबाचा रस चेहऱ्यास लावून उन्हात गेल्यास त्यातील द्रव्ये सूर्यप्रकाशामुळे क्रियाशील होतात व त्वचा भाजल्यासारखी काळवंडते. लॅव्हेंडरसारख्या सुगंधी तेलांतील घटक हवेच्या संपर्काने बदलून अ‍ॅलर्जी निर्माण करू शकतात. बाजारात मिळणारी 'काळी मेंदी' हे तर विशेष उदाहरण. मेंदीच्या पानातील लॉसोन या द्रव्याचा रंग नारिंगी-तांबडा असतो. मेंदी काळी होत असेल तर तिच्यात निळीची पाने तरी मिसळलेली असतात अथवा पॅराफेनिलिनडायमिन हे संश्लेषित रंगद्रव्य तरी. पुडीवर पानांचे चित्र असले तरी आत अनेकदा दुसराच प्रकार असतो आणि डोक्याला खाज, पापण्यांना सूज अशा तक्रारी घेऊन माणसे त्वचारोगतज्ज्ञांकडे येतात.

परवान्याबाहेरची क्रीम

आतापर्यंतचे विवेचन चिकटपणा, खाज, अ‍ॅलर्जी यांपुरते मर्यादित होते. या स्थित्यंतराची एक बाजू याहून गंभीर आहे. परिचित नाममुद्रा सोडणारी व्यक्ती सदैव दुसऱ्या परवानाधारक उत्पादकाकडे जातेच असे नाही. ओळखीच्या व्यक्तीने दिलेली, ब्यूटी पार्लरमधून मिळालेली, समाजमाध्यमावरून मागविलेली, विनानावाच्या डबीतील 'हर्बल' क्रीम हा तिचा पुढचा मुक्काम असू शकतो.

अकोल्यातील एकाच कुटुंबातील तीन महिलांच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याचे प्रकरण २०२३ च्या आरंभी प्रकाशात आले. तिघीही त्वचा उजळ करणारी एकच क्रीम वापरीत होत्या आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयातील तपासात तिच्यात पारा आढळला. त्यानंतर केरळमधील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी केलेला अभ्यास 'किडनी इंटरनॅशनल' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात त्यांच्याकडे मेंब्रेनस नेफ्रोपॅथी या विकाराचे २२ रुग्ण आले. या विकारात मूत्रपिंडाच्या गाळणीतून प्रथिने वाहून जातात व अंगावर सूज येते. २२ पैकी १५ रुग्ण 'नेल-१' या विशिष्ट प्रकारचे होते आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाची क्रीम वापरल्याचे सांगितले. क्रीम बंद केल्यावर बहुतेकांचा विकार आटोक्यात आला. कारण ओळखले गेले नसते तर उपचार भलत्याच दिशेने गेले असते, हे उघड आहे.

पारा त्वचेतील मेलॅनिन तयार होण्याची क्रिया रोखतो, म्हणून अशा क्रीमचा परिणाम लवकर व ठळक दिसतो. हा जलद गुणच ग्राहकाचा विश्वास संपादन करतो आणि धोक्याची सूचनाही तोच असतो. भारतीय नियमांनुसार प्रसाधनात अनवधानाने राहिलेला पारा दशलक्ष भागांत एका भागाहून अधिक असता कामा नये; डोळ्यांभोवतीच्या प्रसाधनांत परिरक्षक म्हणून ७० भागांपर्यंत मुभा नियमांत ठेवलेली होती. पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराच्या सदस्य राष्ट्रांनी २०२३ मध्ये पारायुक्त प्रसाधने २०२५ पर्यंत पूर्णपणे बंद करण्याचे ठरविले. नियम आहेत, विनानावाच्या डबीस ते लागू करावयाचे कसे, हा प्रश्न आहे. डबीवर उत्पादकाचे नाव नसेल, किंवा सोने, चांदी, अ‍ॅल्युमिनियम यांस क्रीम लागू देऊ नये अशी सूचना असेल, तर ती वापरू नये. दागिन्यांस जपा असे सांगणारी क्रीम चेहऱ्यास लावावी, यातील विसंगती पुरेशी स्पष्ट आहे.

लेबलाचे वाचन

बदल करूच नये, असा या विवेचनाचा रोख नाही. कमी घटकांचे, सुगंधविरहित, परवानाधारक उत्पादन पुष्कळदा खरोखरच हितावह असते, विशेषतः ज्यांची त्वचा संवेदनशील आहे त्यांस. मात्र 'यात केमिकल आहे का?' हा प्रश्न सोडून देऊन 'हे कोणी, कोठे, कोणत्या परवान्याखाली तयार केले आणि ते कशाने टिकते?' असा प्रश्न विचारावा लागेल.

नियमांनुसार वेष्टनावर उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापराची अंतिम तारीख असणे आवश्यक आहे. एक टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने छापावे लागतात. ज्या वनस्पतीचे चित्र दर्शनी भागावर आहे तिचे नाव यादीच्या अगदी तळाशी असेल तर तिचे प्रमाण नाममात्र असण्याचा संभव अधिक. येथे एक पळवाट आहे. ३० ग्रॅमहून लहान घन व अर्धघन आणि ६० मिलिलिटरहून लहान द्रव पुड्यांना घटकांच्या यादीतून सूट आहे, आणि चेहऱ्याची क्रीम ग्रामीण भागात खपते ती नेमकी लहान आकारात. पूर्वी 'साबण' हा प्रसाधनाच्या कायदेशीर व्याख्येतूनच वगळलेला होता. १९८२ च्या दुरुस्तीने तो अपवाद दूर झाला. त्यामुळे घरगुती स्वरूपात साबण करून विकणाऱ्या बचत गटासही परवान्याचा विचार करावा लागतो. ही अट जाचक वाटली तरी तिच्यामुळेच गिऱ्हाईकास दाद मागता येते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पर्यावरणविषयक दिशाभूल करणाऱ्या दाव्यांबाबत मार्गदर्शक तत्त्वे जारी केली असून 'ग्रीन', 'इको-फ्रेंडली' अशा मोघम शब्दांना पुराव्याची जोड देणे त्यांनी बंधनकारक केले आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे.

नवे उत्पादन घेतल्यावर ते एकदम चेहऱ्यास न लावता कोपराच्या आतील बाजूस आठवडाभर लावून पाहावे आणि एका वेळी एकच वस्तू बदलावी. सर्व प्रसाधने एकदम बदलली तर त्रास कशाने झाला हे कळत नाही.

या संदर्भात महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांना करण्याजोगे बरेच आहे. साबणाचा सामू, त्यातील मुक्त अल्क व एकूण मेद द्रव्याचे प्रमाण हे प्रयोग पदवी वर्गाच्या आवाक्यातील आहेत. भारतीय मानकानुसार पहिल्या प्रतीच्या अंगाच्या साबणात मेद द्रव्य किमान ७६ टक्के, दुसऱ्या प्रतीत ७० व तिसऱ्या प्रतीत ६० टक्के असावे लागते. परिसरातील आठवडे बाजारात मिळणाऱ्या 'ऑरगॅनिक' वड्या व जुन्या नाममुद्रांचे साबण यांची तुलना विद्यार्थी स्वतः करू शकतात. गावातील पाण्याची दुष्फेनता मोजून त्याच पाण्यात साबण व रिठा यांचा फेस पाहण्याचा प्रयोग तर याहून सोपा आहे. पाऱ्याचे सूक्ष्म प्रमाण मोजणे मात्र सामान्य महाविद्यालयीन उपकरणांनी होत नाही. एखाद्या विद्यार्थिनीने संशयास्पद क्रीम आणून दाखविल्यास ती फेकून देऊ नये. डबी, वेष्टन आणि पावती असल्यास पावतीसह अन्न व औषध प्रशासनाच्या जळगाव येथील कार्यालयाकडे सोपवावी, आणि ती क्रीम वापरणाऱ्या घरातील प्रत्येकीची लघवीतील प्रथिनांची तपासणी करून घ्यावी. ही तपासणी साध्या पट्टीने बहुतेक दवाखान्यांत होते.